कोवळ्या फळझाडांना आधार : किती, कसा आणि कोठवर

मृगाच्या पावसाबरोबर लावलेली संत्र्याची, लिंबाची किंवा आंब्याची कलमे भाद्रपद सरता सरता पाहावयास गेल्यास बहुतेक बागांतून दोन प्रकार दृष्टीस पडतात. काही कलमे पूर्वेकडे कलंडलेली असतात, त्यांच्या बुंध्याशी मातीत खळगा पडलेला असतो आणि त्यात पाणी साचलेले असते. दुसरीकडे काही कलमे जाड बांबूला पायापासून शेंड्यापर्यंत तीन-चार ठिकाणी आवळून बांधलेली आढळतात. पहिल्या शेतकऱ्याने हयगय केली आणि दुसऱ्याने काळजी घेतली, असा पाहणाराचा समज होतो. वस्तुतः दुसऱ्या बागेत होणारे नुकसान पुष्कळदा अधिक असते. ते दोन-तीन वर्षांनी उघडकीस येते, म्हणून त्याचा दोष काठीला कोणी देत नाही.

वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तालुके संत्र्याच्या लागवडीसाठी ओळखले जातात. सहा मीटर अंतरावर लागवड केल्यास एकरी सुमारे ११० झाडे बसतात. कलम लावल्यापासून मनाजोगे पीक हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे शेतकऱ्याला खत, पाणी आणि राखण यांवर खर्च करीत राहावे लागते. तिसऱ्या वर्षी दोरीच्या फासाने वाळलेल्या झाडाच्या जागी नवे कलम लावून नांगी भरली, तरी ते शेजारच्या झाडांच्या मागेच राहते आणि ओलिताची, खताची व बहाराची वेळ त्या एका झाडासाठी जुळवून घेता येत नाही. यास्तव काठी आणि दोरी ही बाब क्षुल्लक मानून सालदारावर सोपवून देण्यासारखी नाही.

काठी मुळांसाठी, खोडासाठी नव्हे

लागवडीच्या वेळी कलमाची मुळे हुंडीतच असतात, बाहेरच्या मातीशी त्यांचा संबंध जडलेला नसतो. पुढील काही आठवड्यांत हुंडीतून बारीक पांढरी मुळे बाहेर पडतात व खड्ड्यातील मातीत शिरू लागतात. याच काळात पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून पावसाळी वारा वाहत असतो. वाऱ्याने शेंडा हलला की हुंडीही हलते, आणि नुकतीच बाहेर आलेली केसासारखी मुळे तुटतात. झाड पुन्हा मुळे काढते, ती पुन्हा तुटतात. पाने पिवळी पडतात, आणि शेतकरी खत कमी पडले असे समजून युरिया घालतो. अशा कलमाला खताची नव्हे, तर हुंडी स्थिर राहण्याची गरज असते. तेवढ्यापुरती काठी उपयोगी आहे.

खोडाची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. खोड हलल्यानेच बळकट होते. इंग्लंडमधील टॉमस अँड्र्यू नाइट या बागायततज्ज्ञाने १८०३ साली सफरचंदाच्या कोवळ्या झाडांवर प्रयोग केला. ज्या झाडांना त्याने एकाच दिशेने डोलू दिले, त्यांचे खोड त्या दिशेने अधिक जाड झाले. जी झाडे जखडून ठेवली, त्यांचे खोड जाडीला मागे पडले. पुढे १९७१ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे नील आणि हॅरिस या संशोधकांनी कोवळी झाडे दररोज केवळ ३० सेकंद हलवून पाहिली. हलविलेली झाडे न हलविलेल्या झाडांच्या मानाने उंचीला फारच कमी राहिली. हलण्याची जाणीव होताच झाड उंची आवरते आणि बुंध्याकडे लक्ष पुरविते, असा याचा अर्थ.

पण यासाठी परदेशी प्रयोगांचाच दाखला हवा असे नाही. धुऱ्यावर एकटे वाढलेले निंबाचे झाड आणि रोपवाटिकेत दाटीने वाढलेले त्याच वयाचे निंबाचे रोप शेजारी ठेवून पाहावे. पहिले बुटके असते, त्याचा बुंधा खाली रुंद व वर निमुळता होत गेलेला असतो. दुसरे उंच असते, परंतु खालपासून वरपर्यंत सारखेच बारीक, आणि पिशवीतून काढून मोकळ्या जागी लावले की ते वाकते. ज्या मुलाला सदोदित पांगुळगाड्यातच ठेवले, त्याच्या पायांत बळ यावे कोठून? शेंड्यापर्यंत आवळून बांधलेल्या कलमाची गत तशीच होते. काठी सोडताच ते लवते, म्हणून शेतकरी ते पुन्हा बांधतो, आणि काठी एकदा लागली ती कायमचीच होऊन बसते.

आधाराची गरज आहे की नाही, हे ओळखण्यासाठी बागेत फिरताना एक सोपी परीक्षा करता येते. खोड मध्यावर दोन बोटांत धरून हळूच पुढे ढकलावे आणि दृष्टी खोडाकडे न ठेवता बुंध्याजवळच्या मातीकडे ठेवावी. माती उचलली जात असेल किंवा फट दिसत असेल, तर मुळे सैल आहेत आणि काठी हवी. माती स्थिर आहे, खोड तेवढे वाकते आणि सोडताच सरळ होते, असे दिसल्यास त्या झाडाला काठी लावूच नये. खोड वाकून तसेच राहिले, तर तो रोपवाटिकेतील दाटीचा परिणाम होय; अशा झाडाला काठी द्यावी, पण थोड्या काळासाठी. एकाच ओळीतील दहा झाडांत हे तिन्ही प्रकार सापडू शकतात. म्हणून सरसकट सगळ्यांना काठ्या लावणे किंवा एकालाही न लावणे, हे दोन्ही आळसाचेच प्रकार होत.

खड्डा भरण्यातील चूक काठीने झाकत नाही

जिल्ह्यातील भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. या जमिनीत मे महिन्यात खणलेला खड्डा जूनच्या पहिल्या पावसानंतर घाईने भरून त्याच दिवशी कलम लावले, तर जुलै-ऑगस्टमध्ये भरलेली माती खचते. कलम मातीबरोबर खाली जाते, कलंडते, आणि डोळा भरलेला सांधा जमिनीलगत येतो किंवा मातीत गाडला जातो. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेल्या संत्र्याचा हा सांधा जमिनीपासून सहा ते नऊ इंच वर राहिला पाहिजे. तो ओल्या मातीत गेला की डिंक्या रोगाची बुरशी सालीत शिरण्यास वाट मिळते. अशा वेळी कलम काठीला बांधून सरळ उभे केले, तर ते वरून ठीक दिसते एवढेच.

यासाठी खड्डे पावसाळ्यापूर्वी भरून ठेवावेत, भर जमिनीच्या पातळीपेक्षा अर्धा फूट उंच करावी आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती बसल्यावर कलम लावावे. लावताना डोळ्याची बाजू वाऱ्याच्या दिशेस, म्हणजे आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येस ठेवावी, जेणेकरून वारा सांध्यावर दाबला जाईल, सांधा उलगडणार नाही. हुंडीभोवतीची माती पायाच्या टाचेने नव्हे, तर हाताने दाबावी. टाचेने हुंडीच फुटते.

खोडाभोवती वाऱ्याने पडलेला खळगा दिसला तर तो कोरड्या भुसभुशीत मातीने भरून दाबावा. पाणी खोडाशी साचता कामा नये. म्हणून आळे दुहेरी करावे, म्हणजे खोडाजवळ मातीची लहान भर आणि तिच्या बाहेर पाण्याचे गोल आळे. पावसाळा संपताच आळ्यात सोयाबीनचे कुटार किंवा वाळलेले गवत पसरले असता जमिनीला भेगा कमी पडतात आणि भेगांबरोबर तुटणारी मुळेही वाचतात. कुटार खोडाला टेकू देऊ नये. चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर तेथे उधई लागते.

काठी कोणती, कोठे आणि किती उंच

संत्र्याच्या वा लिंबाच्या कलमाला अंगठ्यापेक्षा थोडी जाड, चार ते साडेचार फूट लांबीची बांबूची काठी पुरेशी होते. त्यांपैकी दीड फूट जमिनीत गेले पाहिजे, आणि ते खड्ड्याच्या भुसभुशीत भरात नव्हे, तर तळाच्या न हललेल्या मातीत गेले पाहिजे. त्यामुळे काठी कलमाच्या आधी रोवावी हे उत्तम. कलम लावून झाल्यावर काठी ठोकली की ती हुंडीतून जाते आणि जी मुळे वाचवावयाची तीच चिरडते. ज्या बागेत कलमे आधीच लागली आहेत तेथे काठी हुंडीच्या बाहेर, वाऱ्याकडे तोंड करून तिरपी रोवावी, म्हणजे हुंडीला धक्का न लावता ती खोडाजवळ पोहोचते.

काठी वाऱ्याच्या बाजूस असावी, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पश्चिमेस काठी असली म्हणजे वारा झाडाला काठीपासून दूर ढकलतो. पूर्वेस असली तर प्रत्येक झोतासरशी खोड काठीवर आपटते, साल घासली जाते, आणि त्या जखमेतून पुढे डिंक वाहू लागतो.

उधईचा त्रास वर्धा जिल्ह्यात सर्वत्र आहे. बांबूचे टोक डांबरात बुडवून वाळविल्यास काठी एक-दोन हंगाम अधिक टिकते. तुराटी हलकी व फुकट मिळते, परंतु ती रोपवाटिकेतील रोपापुरतीच ठीक. शेतात ती पावसाळ्यातच मोडते. पऱ्हाटीचा उपयोग काठी म्हणून मुळीच करू नये. वेचणी संपल्यावर उभ्या वा रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामाच्या कपाशीवर येते. २०१७ साली या अळीने विदर्भातील कपाशीचे केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. शेवगा, पांगारा किंवा गिरिपुष्प यांच्या ओल्या फांद्याही वापरू नयेत. त्या कुंपणाला उत्तम, पण कलमाशेजारी रोवल्या की मूळ धरतात, आणि कलमाचे पाणी शेजारच्या काठीलाच मिळते. हा प्रकार हास्यास्पद वाटला तरी पाहण्यात येतो.

बांधण्याची उंची ठरविण्यासाठी खोड बुंध्याशी दोन बोटांत धरावे आणि बोटे हळूहळू वर न्यावीत. ज्या जागी धरले असता शेंडा आपोआप सरळ उभा राहतो, ती जागा ध्यानात ठेवून तिच्यावर सुमारे सहा इंच अंतरावर बांधावे. बहुतेक चांगल्या कलमांत ही जागा झाडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. बंध एकच असावा आणि बंधाच्या वर काठी चार-पाच बोटांहून अधिक उरू नये. उरलेला बांबू कापून टाकावा, कारण वाऱ्यात डोलणाऱ्या खोडावर तोच घासतो. बंधाच्या वरचा भाग मोकळा राहील व डोलेल तेव्हाच खोड जाड होईल.

बांधणी

बंधासाठी अंबाडीची किंवा तागाची सैल पिळाची सुतळी, पळसाच्या मुळीचा वाख, केळीचे सोपट, जुन्या लुगड्याची चिंधी किंवा सायकलच्या फाटक्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी चालते. ट्यूबची पट्टी सर्वांत सोयीची, कारण ती ताणते आणि गावात कोठेही मिळते. सुतळी वापरल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती कोरडी असताना सैल वाटते, पण पावसात भिजली की आखडते. म्हणून सुतळीचा बंध दिसावयास फाजील सैल वाटावा इतका ठेवावा. खोड आणि बंध यांत दोन बोटे सहज शिरावीत.

बंध डमरूच्या आकाराचा असावा. एक वेढा काठीला, एक वेढा खोडाला, आणि दोहोंच्या मध्ये दोरीची फुली. या फुलीमुळे काठी आणि खोड एकमेकांना टेकत नाहीत. गाठ काठीच्या बाजूस मारावी, म्हणजे सोडताना चाकू खोडाला लागत नाही.

लोखंडी तार, नायलॉनची दोरी आणि ठिबकच्या नळीचे तुकडे बांधण्यासाठी लागणारी प्लॅस्टिकची बारीक दोरी यांपासून दूर राहावे. या वस्तू कुजत नाहीत, ताणत नाहीत आणि विसरल्या जातात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे उतरते. खोड जाड होत जाते, दोरी तेवढीच राहते, आणि सालीत करकोचा पडतो. करकोच्याच्या वरची बाजू फुगते, कारण अन्न तेथे अडते. खालची बाजू बारीक राहते आणि मुळे उपाशी पडतात. झाड लगेच मरत नाही. पुढच्या बहारात पाने फिकी होतात, फुले भलतीच येतात, आणि सांध्याखालून खुंटाचे जोमदार फुटवे निघू लागतात. ही लक्षणे दिसली की शेतकरी कीड, रोग, पाणी यांचा शोध घेतो. बुंध्यापासून वीतभर उंचीवर गवताआड दडलेली दोरी शेवटी सापडते ती झाड उपटताना.

रोपवाटिकेतून आणलेल्या कलमांत ही दोरी बरोबरच येते. डोळा बांधताना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी पुष्कळदा तशीच राहिलेली असते, आणि गाडीत मोडू नये म्हणून बांधलेली लहान काडीही असते. लागवडीच्या दिवशीच पट्टी सोडावी आणि काडी काढून टाकावी. दोनशे कलमे एका दिवसात लावावयाची असली की हे राहून जाते. त्यासाठी केवळ हेच काम करणारा एक माणूस खड्ड्यांच्या कडेला बसवावा.

कलम लावताच बुंधा स्वच्छ दिसावा म्हणून खालची सर्व पाने व बारीक फांद्या ओरबाडण्याची रीत आहे. सांध्याखालचे फुटवे काढलेच पाहिजेत. पण सांध्यावरच्या लहान फांद्या पहिले वर्ष राहू द्याव्यात. त्यांच्या पानांचे अन्न जवळच्या खोडाला मिळते, खोडावर सावली राहते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात साल भाजत नाही. दुसऱ्या वर्षापासून दोन-अडीच फुटांपर्यंतचा बुंधा हळूहळू मोकळा करावा.

काठी केव्हा काढावी

जून-जुलैमध्ये लावलेल्या कलमाचे बंध पोळ्याच्या सुमारास एकदा, दसऱ्यास एकदा आणि संक्रांतीस एकदा पाहावेत. सणांची आठवण वेगळी ठेवावी लागत नाही, एवढ्यासाठीच हे दिवस सोयीचे. प्रत्येक वेळी बोट घालून पाहावे. शिरत नसेल तर बंध सोडून नव्याने सैल बांधावा. संक्रांतीच्या फेरीत वर सांगितलेली परीक्षा पुन्हा करावी. माती हलत नसेल तर बंध सोडावा, पण काठी आठवडाभर तशीच ठेवावी. झाड सरळ राहिले तर काठी काढावी. लवले तर बंध पूर्वीपेक्षा खाली बांधून पुढील पावसाळ्यापर्यंत ठेवावा. आंब्याच्या उंच कलमाला क्वचित दुसरे वर्ष लागते. तिसऱ्या वर्षीही ज्या झाडाला काठी लागते त्याचा खड्डा उकरून पाहावा. तेथे मुळे हुंडीतच गुंडाळलेली किंवा कुजलेली आढळण्याचा संभव मोठा असतो.

काठी काढण्याच्या आदल्या दिवशी पाणी द्यावे, ती सरळ वर उपसावी आणि छिद्र मातीने बुजवावे.

उन्हाळ्यातील वादळे व गारपीट यांपुढे काठीचा इलाज चालत नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीत भरलेल्या बागाही झोडपल्या गेल्या. तथापि वादळात आडवी झालेली कोवळी झाडे माती ओली असतानाच, एक-दोन दिवसांत उभी केली तर बहुधा जगतात. दोर लावून ओढू नये. ओढल्याने शाबूत राहिलेली मुळेही तुटतात. ज्या बाजूची मुळे उघडी पडली त्या बाजूची माती उकरून जागा करावी, झाड दोघांनी बुंध्याशी धरून उभे करावे, माती दाबावी, आणि दोन बाजूंना दोन काठ्या रोवून सैल बांधावे. शेंड्याकडील एक-तृतीयांश फांद्या कमी कराव्यात, कारण तुटलेल्या मुळांना तितक्या पानांचे पाणी पुरविता येत नाही. फाटलेल्या सालीला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात केलेला बोर्डो मलम लावावा.

शाळा, रस्ते आणि अंगणे

१९५० च्या जुलैत तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळांच्या व ग्रामपंचायतींच्या आवारात रोपे लागतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याला काठीचा प्रश्न तेथेही पडतो. निंब, पिंपळ, चिंच यांचे दोन-अडीच फुटांचे सुदृढ रोप बहुधा काठीवाचून उभे राहते. त्याला हवे असते ते शेळ्यांपासून व गुरांपासून संरक्षण. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ पाहुण्यांना कौतुकाने दाखविला जातो. शाळेच्या आवारातील पिंपळालाही तितके वय लाभावयाचे असेल तर पहिली दोन वर्षे बोराटीचे कुंपण टिकले पाहिजे. कुंपण आणि काठी या दोन गोष्टी भिन्न आहेत. बोराटी खोडापासून हातभर दूर रचावी. लोखंडी जाळीला रोप बांधून टाकण्याची पद्धत वाईट, कारण जाळीच्या कडेवर खोड घासते आणि समारंभानंतर बंध सोडावयास कोणी येत नाही. समारंभासाठी सात-आठ फुटांची उंच, बारीक रोपे मागविण्याचा मोहही आवरावा. तीच पहिल्या पावसात वाकतात.

एखाद्या गावात ही पद्धत नवी असेल तर कार्यकर्त्याने एकाच बागेत दोन ओळी निवडाव्यात. एका ओळीत शेतकऱ्याच्या नेहमीच्या रीतीने बांधणी राहू द्यावी, दुसरीत वर सांगितल्याप्रमाणे करावी. दोन्ही ओळींत सांध्यावर चार बोटे खोडावर रंगाचा ठिपका द्यावा आणि तेथील घेर दर सहा महिन्यांनी सुताने मोजून वहीत लिहावा. मोजताना सूत खोडाला टेकेल इतकेच धरावे, आवळू नये. दोन पावसाळ्यांनंतर आकडे शेतकऱ्यासमोर ठेवावेत, आणि तोपर्यंत पहिल्या ओळीतील झाडांना करकोचा पडत नाही ना, एवढे मात्र पाहत जावे. प्रयोगासाठी कोणाचे झाड मारावयाचे नाही.

काढलेल्या काठ्या धुऱ्यावर टाकून दिल्यास उन्हाळ्यापूर्वीच उधई त्या खाऊन टाकते. कुजलेले टोक कापून त्या गोठ्याच्या आढ्याखाली आडव्या ठेवाव्यात. फूटभर आखूड झालेली काठी पुढील वर्षी लिंबाच्या बुटक्या कलमांना चालते.